जगातल्या नामांकित रेस्टॉरंटांत, वाढणाऱ्यांच्या बाजूने

मिशेलिन या फ्रेंच रेस्टॉरंट-गाइडचा तारा पदार्थाला मिळतो, तो पदार्थ टेबलापर्यंत आणणाऱ्याला मिळत नाही. गाइडचे निकष जाहीर आहेत: जिन्नस कसे आहेत, शिजवण्यात हात किती बसलेला आहे, चवींचा मेळ, शेफची स्वतःची छाप, आणि हे सगळं दर वेळी तसंच मिळतं का. वाढप, खुर्च्या, दिवे यांची दखल काटा-चमच्याच्या वेगळ्या खुणेने घेतली जात आली, पण ती खूण बघून कोणी टेबल राखून ठेवल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. 1926 मध्ये पहिले तारे दिले गेले, 1931 मध्ये दोन आणि तीन ताऱ्यांची उतरंड आली, आणि तेव्हापासून खाण्याबद्दल लिहिणारे सगळे स्वयंपाकघराकडे तोंड करून बसले आहेत.

मी मात्र हॉलकडे बघते. मोठ्या प्रवासी जहाजांच्या डायनिंग हॉलमध्ये वाढण्यात माझी नोकरी गेली. आधी दुसऱ्याच्या हाताखाली, मग स्वतःचं स्टेशन, म्हणजे नेमून दिलेली टेबलं, मग हॉलची कॅप्टन, म्हणजे वाढणाऱ्यांवर देखरेख करणारी. बंदरावर सुट्टी मिळाली की टिपांतून साठवलेले पैसे घ्यायचे, बरा पोशाख घालायचा आणि त्या शहरातल्या एखाद्या नावाजलेल्या रेस्टॉरंटात एकटीने जाऊन बसायचं, ही माझी एकमेव चैन होती. नोकरी सुटली तरी ती सुटलेली नाही. तेव्हा पुढे जे लिहिते आहे ते वाढपाचं परीक्षण आहे. चवीबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत आणि माझ्यापेक्षा जाणकार आहेत.

बसल्यावर मी पहिल्यांदा वेटरच्या हातांकडे बघते. आमच्या धंद्यातला पहिला नियम असा की रिकाम्या हाताने आत जायचं नाही आणि रिकाम्या हाताने बाहेर यायचं नाही. पाणी ओतून परतणाऱ्या माणसाने वाटेतल्या टेबलावरची संपलेली बशी उचलली, तर त्या हॉलमध्ये कोणीतरी नीट शिकवलेलं आहे. दुसरी गोष्ट, ताट घेऊन आलेला माणूस विचारतो का, की मासा कुणाचा आणि भाजी कुणाची? ऑर्डर घेताना प्रत्येक खुर्चीला मनातल्या मनात नंबर दिलेला असतो. तो नंबर चिठ्ठीवर जातो, चिठ्ठी आत जाते, आणि ताट आणणारा कोणीही असला तरी ते बरोबर त्या खुर्चीसमोर उतरतं. एवढ्या पैशांच्या जेवणात हा प्रश्न ऐकू आला की माझी निम्मी भूक जाते.

न्यू यॉर्कच्या पश्चिम 51व्या रस्त्यावरचं 'ल बर्नार्दां' हे माझ्या मते या बाबतीत सगळ्यांत वरचं. मागी ल कोझ आणि तिचा भाऊ जिल्बेर यांनी 1972 मध्ये पॅरिसला ते सुरू केलं, 1986 मध्ये न्यू यॉर्कला आणलं. काही महिन्यांतच न्यू यॉर्क टाइम्सने आपल्या वेगळ्या मोजणीत त्याला चार तारे दिले आणि ते दशकानुदशकं टिकले. 1994 मध्ये जिल्बेर वारला, स्वयंपाकघर एरिक रिपेर यांच्याकडे आलं, मागी हॉल सांभाळत राहिली. मिशेलिन 2005 मध्ये न्यू यॉर्कला आलं ते पहिल्याच यादीत याला तीन तारे देऊन. म्हणजे सुरुवातीपासून एक जण चुलीपाशी आणि एक जण हॉलमध्ये, दोघेही मालक. जिथे हॉलचा माणूसही मालक असतो तिथलं वातावरणच वेगळं असतं, हे मी पुढेही पाहिलं.

इथे सगळा कारभार माशांचा. मेनूचे भागही मासा किती शिजवला आहे यावरून पाडलेले: जवळजवळ कच्चे, हलका हात लावलेले, थोडेसे शिजवलेले. आता माशाची अडचण अशी की तो वाट बघत नाही. मटणाचा तुकडा चुलीवरून उतरल्यावर दहा मिनिटं थांबला तर सुधारतो. नुकता शिजलेला माशाचा तुकडा पासवर, म्हणजे स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधल्या कट्ट्यावर, दोन-तीन मिनिटं पडून राहिला की आतल्या उष्णतेने शिजतच राहतो आणि त्याचा लुसलुशीतपणा जातो. त्यामुळे तिथला वेटर हा स्वयंपाकाचा शेवटचा भाग असतो. सॉसही बहुतेक वेळा टेबलाशी आणून ताटात ओततात. यात थोडा दिखावा असेल, पण खरं कारण कामाचं आहे: सॉस वेगळा गरम राहतो, माशाच्या वरच्या बाजूला ओल येत नाही, आणि ताट नेताना ते हिंदकळून कडेला डाग पडत नाहीत.

शेजारच्या टेबलावर सहा जण होते. त्यांचा मासा आला तेव्हा मी माझा काटा खाली ठेवला. तिघे जण, प्रत्येकाच्या दोन्ही हातांत एकेक ताट, आपापल्या जागी येऊन उभे राहिले. कुणी मान हलवली नाही, कुणी खोकलं नाही. कॅप्टनने फक्त नजर वर केली आणि पहिली तीन ताटं एकदम खाली उतरली. एकेक पाऊल बाजूला, आणि उरलेली तीन. लगेच दोघे जण सॉसची भांडी घेऊन दोन बाजूंनी निघाले आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एकाच वेळी पोहोचले. पाहुण्यांपैकी एक बाई गोष्ट सांगत होत्या. त्यांचं वाक्य तुटलं नाही. सहा ताटं उतरून, सॉस ओतून माणसं निघून गेली आणि त्या बाई बोलतच होत्या. जहाजावर आम्ही हेच साधण्यासाठी रिकाम्या हॉलमध्ये रिकाम्या ताटांची तालीम करायचो. त्यामुळे हे किती अवघड आहे ते मला ठाऊक आहे, आणि मला तिथे उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

मी स्वतः काय खाल्लं? पातळ ठोकून पसरलेला यलोफिन ट्यूना, त्याखाली भाजलेल्या बगेट पावाचा पातळ काप आणि फ्वा ग्रा, म्हणजे बदकाची किंवा हंसाची चरबट कलेजी, वर बारीक चिरलेली चाइव्ह. या जागेची ही ओळखच आहे आणि ती कीर्ती खरी आहे. पण मला आठवतं ते असं की मी डावखुरी आहे हे पहिल्या पदार्थानंतर कुणाच्या तरी लक्षात आलं आणि दुसऱ्या पदार्थाच्या वेळी सुरी-काटा उलटे मांडलेले होते. त्याबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही.

न्यू यॉर्कचीच दुसरी एक गोष्ट या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. 'इलेव्हन मॅडिसन पार्क'मध्ये विल गिडारा हॉल सांभाळत असताना एका टेबलावरच्या परदेशी पाहुण्यांचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं: शहरातली सगळी मोठी रेस्टॉरंटं झाली, पण रस्त्यावरचा हॉट डॉग खायचा राहिला. गिडारा धावत बाहेर गेले, गाडीवरून हॉट डॉग आणला, शेफ डॅनिएल हम यांना कसंबसं पटवलं, आणि त्याचे चार तुकडे नीट सजवून टेबलावर पाठवले. ही गोष्ट मला आवडते. पाहुण्याचं बोलणं ऐकणारा कान हेच आमचं खरं भांडवल. मात्र या गोष्टीने नव्या पोरांना एक चुकीची वाट दाखवली असं मला वाटतं. जो तो पाहुण्याला चकित करायला बघतो. वाढदिवसाची मेणबत्ती, हाताने लिहिलेली चिठ्ठी, भेटीची पिशवी, आणि तेवढ्यात तिकडे पाण्याचा ग्लास रिकामा पडलेला असतो. आधी पाणी, मग नवल.

क्योटोला गेले ती ओसाकाच्या बंदरातून, जुलै महिन्यात. 'किकुनोई' हे हिगाशियामा भागातलं जुनं घराणं, 1912 मध्ये सुरू झालेलं. आता तिसऱ्या पिढीचे योशिहिरो मुराता ते चालवतात. जपानी खाद्यपरंपरा 2013 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, त्यामागे ज्यांची धडपड होती त्यांत मुराता पुढे होते. इथे कायसेकी वाढतात, म्हणजे ऋतूप्रमाणे ठरलेल्या क्रमाने येणारे लहान लहान पदार्थ: सुरुवातीचा घास, ऋतूचं तबक, कच्चा मासा, झाकणाच्या वाडग्यातलं सूप, भाजलेलं, शिजवलेलं, आणि सगळ्यात शेवटी भात, लोणचं, मिसोचं सूप.

दाराशी पायरीच्या दगडांवर नुकतंच पाणी शिंपडलेलं होतं. तिथे त्याचा अर्थ असा की आम्ही तयार आहोत, या. जेवण हॉलमध्ये नाही, प्रत्येक पाहुण्याला तातामीची, म्हणजे विणलेल्या चटयांच्या जमिनीची, वेगळी खोली. वाढणाऱ्या बाईंना नाकाई म्हणतात. त्या किमोनोत असतात, सरकतं दार गुडघे टेकून उघडतात, आत येऊन पुन्हा गुडघ्यांवर बसतात, आणि वाडगा ठेवताना त्याची नक्षीची बाजू आपल्याकडे येईल असा फिरवतात. माझ्या नाकाई वयाने मोठ्या होत्या. एका जेवणात त्या किती वेळा उठल्या-बसल्या असतील! मी हा धंदा पायांनी केलेला आहे, त्यामुळे माझं लक्ष त्यांच्या गुडघ्यांकडे जात होतं. उठताना हात जमिनीला लागत नव्हता.

सूपच्या वाडग्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. लाखेचा काळा वाडगा, वर झाकण, आणि झाकणावर पाण्याचे बारीक थेंब. मला आधी वाटलं, पुसायचं राहिलं. मग नाकाईंनी सांगितलं की हे मुद्दाम फवारलेलं असतं. स्वयंपाकघरातून निघाल्यावर कुणी झाकणाला हात लावलेला नाही, याची ती खूण. हात लागला असता तर थेंब मोडले असते. वाफेमुळे झाकण घट्ट बसलेलं असतं. ओढायचं नाही, वाडग्याच्या दोन कडा हाताने हलक्या दाबायच्या, की हवा शिरते आणि झाकण सुटतं. त्यांनी स्वतःच्या रिकाम्या हातांनी तसं करून दाखवलं आणि मग मला करू दिलं. उघडल्यावर पहिली वाफ पाहुण्याच्याच तोंडावर यायला हवी, म्हणून त्या स्वतः झाकण उघडत नाहीत. आत हामो होता, क्योटोच्या उन्हाळ्यातला काटेरी मासा. त्याचे काटे काढता येत नाहीत म्हणून सुरीने इतक्या जवळजवळ चिरा देतात की ते जिभेला लागतच नाहीत. पाण्यात पडला की तो फुलासारखा उमलतो. खालचं पाणी म्हणजे दाशी. मुराता कोंबू हे समुद्री शेवाळ 60 अंश सेल्सिअसवर तासभर ठेवतात, उकळू देत नाहीत. त्या पाण्याची चव मी शब्दांत मांडायला जाणार नाही.

मला जे सांगायचं आहे ते त्या थेंबांबद्दल. पाहुण्याला न दिसणाऱ्या वाटेवर, म्हणजे चुलीपासून खोलीपर्यंत, काय घडलं याची ग्वाही वाढणारा देतो आहे. स्वयंपाक्याचं कसब त्या वाडग्यात आहेच. पण ते जसंच्या तसं पोहोचलं, याची जबाबदारी कुणीतरी घेतलेली आहे, आणि ती दिसेल अशी घेतलेली आहे. पाश्चात्त्य रेस्टॉरंटांत याच्या जवळ जाणारं मी काही पाहिलेलं नाही.

निघताना टिप द्यायचा प्रश्नच नसतो. जपानमध्ये टेबलावर पैसे ठेवून निघालात तर ते विसरले म्हणून कुणीतरी मागे धावत येईल. बिलात सेवाशुल्क लावलेलं असतं, तेवढंच. नाकाई दारापर्यंत आल्या आणि मी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत वाकून उभ्या होत्या. मी तीनदा मागे वळून पाहिलं.

पैशांचा विषय निघाला आहे तर तो इथेच पुरा करते, कारण वाढपाचा दर्जा आणि वाढणाऱ्याचा पगार या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. फ्रान्समध्ये कायद्यानेच सेवा मेनूवरच्या किमतीत धरलेली असते. त्यावर काही ठेवायचं असेल तर आनंदाने ठेवायचं. अमेरिकेत टिप घेणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने ठरवलेला किमान मजुरीचा दर तासाला 2.13 डॉलर आहे आणि तो 1991 पासून तसाच आहे. काही राज्यांत तो बराच जास्त आहे, न्यू यॉर्क त्यांतलंच, पण तत्त्व तेच की बाकीचं पाहुण्याने द्यावं. परिणाम असा की हॉलमधला चांगला वेटर कधी कधी आतल्या स्वयंपाक्यापेक्षा बराच जास्त कमावतो, आणि भांडी घासणाऱ्याला त्यातलं काही मिळत नाही. डॅनी मेयर यांनी 2015 मध्ये आपल्या न्यू यॉर्कच्या रेस्टॉरंटांतून टिप काढून टाकायला सुरुवात केली, किमती वाढवल्या, आणि 2020 मध्ये ते पुन्हा टिपांवर आले. मला त्यांचा पहिला निर्णय योग्य वाटला होता आणि आजही वाटतो. टिपांवर जगलेली बाई हे म्हणते आहे, हे लक्षात घ्या. टिपेवर जगणाऱ्याला पाहुण्याचा चेहरा नको इतका वाचावा लागतो, आणि कुणाकडून किती मिळेल याचा हिशेब पहिला ग्लास भरतानाच मनात सुरू होतो. तो हिशेब बंद झाला की माणूस मोकळ्या मनाने वाढतो.

स्वयंपाकघराकडचं चित्रही फार वेगळं नाही. कोपनहेगनच्या 'नोमा'ने जगाला पाच वेळा पहिल्या क्रमांकाचं रेस्टॉरंट म्हणून भुरळ घातली, पण तिथे येणाऱ्या शिकाऊ मुलांना 2022 च्या ऑक्टोबरपर्यंत पगार नव्हता. पगार सुरू झाला आणि काही महिन्यांतच, 2023 च्या जानेवारीत, तिथले शेफ रेने रेझेपी यांनी जाहीर केलं की या पद्धतीचं रेस्टॉरंट चालवणं परवडण्यासारखं राहिलेलं नाही. मी ती बातमी वाचली तेव्हा मला वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही.

त्याच शहरातलं 'गेरानियम' मला जास्त भावलं. फुटबॉल स्टेडियमच्या आठव्या मजल्यावर, खाली झाडी. शेफ रास्मुस कोफोड यांनी बोक्यूज द'ओर या स्पर्धेत आधी कांस्य, मग रौप्य, मग 2011 मध्ये सुवर्ण मिळवलेलं आहे. 2022 पासून तिथे मांस बंद आहे, मासे आणि भाज्या आहेत. इथेही दोघे मालक, एक आत आणि एक बाहेर: सोरेन लेडेट हॉल आणि वाइन बघतात. स्वयंपाकी स्वतः ताट घेऊन बाहेर येतात, ही आता उत्तर युरोपात रीतच झाली आहे. त्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. स्वयंपाक्याला पदार्थ ठाऊक असतो, टेबल ठाऊक नसतं. दोन माणसं भांडून गप्प बसलेली आहेत हे त्याला कसं कळणार? तो येतो आणि शेवाळाची माहिती सांगत बसतो. गेरानियममध्ये मात्र ताट घेऊन निघालेल्या स्वयंपाक्याच्या पुढे एक वेटर आधी येऊन टेबल बघून जातो, आणि बोलायचं की नुसतं ठेवून जायचं हे त्याच्या नजरेवरून ठरतं. मी हे चार-पाच टेबलांवर नीट पाहिलं. इतकी साधी गोष्ट, पण इतरत्र कुणाला सुचत नाही.

स्पेनमधल्या जिरोनाचं 'एल सेयेर दे कान रोका' तर तीन भावांचं. जोआन स्वयंपाक, जोसेप वाइन, जोर्दी गोड पदार्थ. आईवडिलांनी 1967 मध्ये जवळच साधी खानावळ काढली होती, मुलांनी 1986 मध्ये आपलं रेस्टॉरंट सुरू केलं, आणि कितीतरी वर्षं मुलांच्या रेस्टॉरंटातले कामगार रोज आईच्या खानावळीत जेवायला जात. टेबल मिळायला अकरा महिने आधी प्रयत्न करावा लागतो. सुरुवातीलाच काळ्या कागदाचा गोल कंदील उघडतो आणि आत वेगवेगळ्या देशांच्या चवीचे घास असतात. मग एक बुटकं ऑलिव्हचं झाड येतं, त्याच्या फांद्यांवर लटकवलेली साखरेच्या पाकातली ऑलिव्हं तोडून खायची. वाइनची यादी इतकी जाड आहे की ती चाकांच्या गाड्यावरून आणतात. हे सगळं गमतीचं आहे. पण माझ्या तिथल्या वेटरचा चेहरा लक्षात आहे. सेवा संपत आली होती, बाहेर दुपार उतरली होती, आणि तो थकलेला नव्हता. या भावांनी कामगारांशी बोलायला एक मानसशास्त्रज्ञ ठेवली होती, टीम नियमाने तिच्यासोबत बसायची, मनातलं बोलायची. आमच्या जहाजावर बारा तास उभं राहिल्यावर मनातलं बोलायला बंकमधली भिंत असायची.

याच्या अगदी उलट अनुभव मला युरोपातल्या एका बड्या रेस्टॉरंटात आला. नाव घेत नाही. तारे होते, टेबलक्लॉथला इस्त्री टेबलावरच केलेली, चांदीची भांडी लखलखीत. प्रत्येक पदार्थासोबत इतकं लांब व्याख्यान की ते संपेपर्यंत ताटावरची वाफ संपलेली. दोन पदार्थांच्या मध्ये इतका वेळ जाई की ब्रेड खाऊनच पोट भरलं. हे सगळं मी सोडून दिलं असतं. पण एका शिकाऊ पोराच्या हातून चमचा पडला आणि त्याच्या वरिष्ठाने त्याला हॉलच्या मधोमध, पाहुण्यांच्या देखत, दात आवळून झापलं. आवाज मोठा नव्हता, पण शब्द मला ऐकू आले. त्यानंतर तो पोरगा माझ्या टेबलाशी आला तेव्हा त्याचा हात थरथरत होता आणि पाणी ग्लासाबाहेर सांडत होतं. मी त्याला हळूच सांगितलं की मीही हेच काम करते आणि माझ्या हातून याहून मोठ्या गोष्टी पडल्या आहेत. पुढचा कुठलाच पदार्थ मला लागला नाही. तिथलं बदक छान होतं असं लोक म्हणतात.

बदकावरून 'तूर द'आर्जां'. पॅरिसला सीन नदीच्या काठावर सहाव्या मजल्यावरचं हे रेस्टॉरंट एके काळी तीन ताऱ्यांचं होतं, 1996 मध्ये एक तारा गेला, 2006 मध्ये आणखी एक. समीक्षक त्याला जुनंपुराणं म्हणतात. मी म्हणते, वाढपाचं काम काय असतं हे ज्याला शिकायचं आहे त्याने इथे यावं.

इथलं दाबलेलं बदक अर्धं स्वयंपाकघरात होतं आणि अर्धं हॉलमध्ये. फ्रेदेरिक दलेर या मालकाने 1890 पासून प्रत्येक बदकाला नंबर द्यायला सुरुवात केली, आणि तो आजही चालू आहे. वेल्सचा राजपुत्र, नंतरचा सातवा एडवर्ड, याने 1890 मध्ये 328 नंबरचं बदक खाल्लं. दहा लाखांचा आकडा 2003 मध्ये ओलांडला. बदक थोडकं भाजून हॉलमध्ये आणतात आणि पाहुण्याला दाखवतात. मग छातीचे काप काढतात, तंगड्या आत परत जातात, त्या दुसऱ्या फेरीत भाजून येतात. उरलेला सांगाडा चांदीच्या जड दाबयंत्रात घालून चाक फिरवायचं, की हाडांतला रस खालच्या भांड्यात उतरतो. त्यात कलेजी, कोन्याक ब्रँडी, मदेरा वाइन. छोट्या शेगडीवर हा सॉस हलवत राहायचं, तो दाट आणि जवळजवळ काळा होईपर्यंत.

हे करणारा माणूस स्वयंपाकी नसतो, हॉलचा असतो. मी त्याच्या मनगटाकडे बघत बसले. सॉस फुटू नये म्हणून आच किती, हे तो भांड्याच्या आवाजावरून ओळखत होता. एकदा त्याने न बघताच भांडं उचललं आणि दोन क्षण हवेत धरलं. एकीकडे त्याचं लक्ष त्याच्या बाकीच्या टेबलांवरही होतं, कारण मध्येच त्याने हनुवटीने कुणाला तरी खुणावलं आणि लगेच एका आजोबांच्या पाठीमागे उशी आली. एकोणिसाव्या शतकात सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडायची फ्रेंच पद्धत मागे पडून एकेक पदार्थ क्रमाने वाढायची रशियन पद्धत रुजली, तेव्हा कापणं, वाटणं, ओतणं हे सगळं वेटरच्या हातात आलं होतं. पुढे शेफ मोठे झाले, ताट आतच सजून यायला लागलं, आणि आमच्या हातात फक्त वाहून नेणं उरलं. इथे ते जुनं कसब अजून जिवंत आहे. मला माझ्या बदकाच्या नंबराचं कार्ड मिळालं, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या माणसाने माझ्या हातावरचे भाजल्याचे जुने डाग बघितले आणि विचारलं, "तुम्हीही हॉलमध्येच का?"

तोक्योचं 'देन' यातल्या कशासारखंच नाही. झायु हासेगावा तिथे तळलेल्या कोंबडीचं पंख एका रंगीत खोक्यात घालून देतात, खोक्यावर फास्ट फूडची नक्कल, आणि सॅलडमध्ये हसरा चेहरा कोरलेलं गाजर. माणसं दारातून आत येतात तेव्हा अवघडलेली असतात, खोकं उघडलं की हसतात आणि शेजारच्याशी बोलायला लागतात. कायसेकीची सगळी शिस्त आत आहे, पण तिचं ओझं पाहुण्यावर नाही. किकुनोईमध्ये मी पाठ ताठ करून बसले होते, इथे कोपरं टेबलावर होती. दोन्ही मला हवं आहे.

आता ज्यांना पहिल्यांदाच अशा ठिकाणी जायचं आहे त्यांच्यासाठी, हॉलच्या बाजूने चार गोष्टी. शक्य असेल तिथे दुपारचं जेवण घ्या. पॅरिसमध्ये बऱ्याच मोठ्या जागी दुपारचा मेनू रात्रीपेक्षा खूप स्वस्त असतो, आणि तूर द'आर्जांच्या खिडकीतून नोत्र दाम उजेडात नीट दिसतं. काय खात नाही, कशाची ॲलर्जी आहे, हे टेबल राखतानाच सांगा. टेबलावर बसल्यावर सांगितलंत तर आत कुणाला तरी सगळं पुन्हा मांडावं लागतं, आणि जपानमध्ये तर सुकवलेला मासा घालून केलेलं दाशी कित्येक पदार्थांत असतं, त्यामुळे मासे न खाणाऱ्याने हे फार आधी कळवायलाच हवं. विमान किंवा गाडी पकडायची असेल तर तेही सांगून टाका. आम्हाला त्याचा राग येत नाही, उलट आतल्या वेळा जुळवता येतात. सुशीच्या काउंटरवर समोर आलेला तुकडा लगेच तोंडात टाका, फोटो काढत बसलात तर भात थंड होतो आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला ते बघावं लागतं. टॉयलेटला जायचं असेल तर ताटं उचलल्यावर जा. पुढचा पदार्थ निघाला असेल तर तो परत न्यावा लागतो आणि टेबलावरच्या सगळ्यांसाठी नव्याने करावा लागतो.

आणि एकच जागा निवडायची असेल तर ल बर्नार्दां. सोमवार ते शुक्रवार तिथे दुपारीही वाढतात. टेबल मागताना हॉलच्या मध्याकडचं मागा, भिंतीकडे तोंड करून बसू नका, म्हणजे सहा ताटं एकदम उतरताना तुम्हालाही दिसतील.